साडेतीन आटे

सहादू पगारेला 'नाही' म्हणता येत नसे. म्हणजे जेवायला बस म्हटलं तर तो 'नाही' म्हणे, चहाला म्हणे, वर्गणी मागायला आलेल्यांनाही कधीमधी म्हणे. पण चाकाचा प्रश्न आला की त्याच्या तोंडून 'नाही' निघत नसे. कुठल्या गाडीचं कुठलं चाक कुठल्या दुसऱ्या गाडीला बसेल का, असं विचारलं की तो मान तिरकी करून थोडा वेळ चाकाकडे बघे आणि म्हणे, "बसवू की." हा त्याचा गुण आहे असं आग्रा रोडवरचे सगळे म्हणत. पुढे जे झालं ते याच गुणापायी झालं, म्हणून सुरुवात तिथूनच केलेली बरी.

विंचूरजवळच्या एका खेड्यातून तो एकाहत्तर साली नाशकात आला. द्वारका चौकाच्या पुढे एका टायरवाल्याकडे त्यानं सहा वर्षं कांद्याच्या ट्रकांची चाकं उतरवली आणि चढवली. ट्रकचा टायर खोलणं म्हणजे काय असतं ते ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. सहादूचे खांदे त्याच कामात रुंद झाले आणि डाव्या हाताचं एक बोट त्याच कामात वाकडं झालं. सत्त्याहत्तर साली त्यानं रस्त्याच्या कडेला स्वतःची पत्र्याची शेड टाकली. बायकोनं, सुमनबाईनं, शेडपुढची जमीन स्वतः चोपून दिली. जॅक रुतू नये म्हणून. दारावर 'पगारे टायर वर्क्स' अशी पाटी लागली, आणि पाटी रंगवणाऱ्यानं 'वर्क्स'मधला रफार दोनदा पुसून तिसऱ्यांदा बरोबर काढला.

दोन गोष्टींसाठी सहादूचं नाव होतं. पहिली म्हणजे मोजणं. चाक बोल्टांवर चढवलं की तो लगेच पान्याला हात घालत नसे. आधी नट नुसत्या बोटांनी फिरवायचा आणि फिरवताना ओठांत मोजायचं. सात फेरे झाले म्हणजे नटानं बोल्टाचे पुरेसे आटे धरले, मग पाना. सातच्या आत नट टेकला तर चाक उतरवायचं आणि काय अडतंय ते शोधायचं. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, सहादू मोजल्याशिवाय सोडत नसे. "अरे पगारे, गाडीला चाक लावतोस का जप करतोस?" असं लोक चिडवत. तो हसून पुढचा नट मोजायला घेई.

दुसरी गोष्ट म्हणजे त्याचा ठसा. ऐंशीनंतर नाशकात छोट्या गाड्या वाढल्या, द्राक्षांचा आणि कारखान्यांचा पैसा रस्त्यावर दिसायला लागला, आणि लोकांना गाडीचं मूळचं लोखंडी चाक साधं वाटायला लागलं. मुंबईला परदेशी गाड्यांची अलॉयची चाकं मिळत. वजनाला हलकी, चकचकीत, फुलासारख्या पाकळ्यांची. आपले लोक त्यांना 'मॅगव्हील' म्हणत. पण चाक मुंबईत आणि गाडी नाशकात. ते बसेल की नाही हे इथं बसून कसं कळणार? सहादूनं यावर तोडगा काढला होता. तो गाडीचं चाक उतरवायचा, उघड्या पडलेल्या बोल्टांच्या टोकांना काळं ग्रीस फासायचा आणि त्यावर शर्टाच्या खोक्याचा पुठ्ठा दाबायचा. पुठ्ठ्यावर बोल्टांचे ठिपके आणि मधल्या बुंध्याचं वर्तुळ उठायचं. ठिपके कापून भोकं करायची आणि पुठ्ठा मुंबईला पाठवायचा. तिथं चाकाच्या पाठीवर पुठ्ठा धरला आणि भोकाला भोक जुळलं की चाक आपलं. शिवाय बांबूच्या काडीवर खुणा करून चाक आत किती जाईल, बाहेर किती येईल, मडगार्डला घासेल का, तेही तो लिहून देई. सात-आठ गाड्यांची चाकं त्यानं अशी इथं बसल्याबसल्या जुळवली होती आणि एकदाही चूक झाली नव्हती. त्यामुळे थोडी हवा त्याच्याही डोक्यात भरली होती, हे कबूल केलं पाहिजे.

पंच्याऐंशी सालच्या भाद्रपदात चिमाजी शेवाळे त्याच्याकडे आले. पंचवटीत त्यांचं खत-बियाण्यांचं मोठं दुकान, आणि दारात नवी कोरी लाल मारुती. गाडी आणली होती त्यांचा ड्रायव्हर मल्हारी भोये यानं. मल्हारी हरसूलकडचा. बोलायला कमी आणि गाडीला जपणारा. काच पुसायला फडकं सापडलं नाही तर स्वतःच्या शर्टाची कड वापरणारा. त्याची आणि सहादूची ओळख जुनी. शेठ बाजारात गेले की तो गाडी शेडपुढे लावून सहादूच्या डब्यातली भाकरी खाई आणि आपल्या डब्यातली त्याला देई. नाचणीची भाकरी सहादूला त्यानंच खायला लावली.

"पगारे," शेठ म्हणाले, "मेहुण्यानं मुंबईत मॅगव्हील बघून ठेवलीत. चारही आहेत. बसतील का सांग, नाहीतर तो दुसऱ्याला देऊन टाकील."

सहादूनं ठसा काढला, काडीवर खुणा केल्या, आणि पुठ्ठा शेठजींच्या हातात दिला. आठ दिवसांनी निरोप आला की भोकाला भोक जुळतंय.

"मग डोळे झाकून आणा," सहादू म्हणाला. शेडमध्ये दोन ट्रकवाले बसले होते, त्यांनी ते ऐकलं. सहादूनंही ते त्यांना ऐकू जाईल असंच म्हटलं होतं.

चाकं आली ती दसऱ्याच्या दिवशी सकाळी. शेठजींना दुपारी गाडीची पूजा करायची होती, झेंडूचं तोरण बॉनेटवर आधीच बांधलेलं होतं. आणि सहादूलाही घाई होती. दसरा हा त्याच्या घरचाही मोठा दिवस. संध्याकाळी विहारात धम्मचक्र प्रवर्तनाचा कार्यक्रम, सुमनबाईनं पांढरे कपडे इस्त्री करून ठेवलेले, आणि यंदा खुर्च्या मांडण्यापासून पाण्याच्या पिंपापर्यंतची व्यवस्था त्याच्याकडे.

त्यानं पहिलं चाक चढवलं. चाक सुरेख बसलं. बुंधा मधोमध, भोकं नेमकी, आत-बाहेर कुठे घासत नव्हतं. मल्हारी शेजारी उकिडवा बसून कौतुकानं बघत होता. सहादूनं नट बोटांनी फिरवायला सुरुवात केली. एक, दोन, तीन, आणि साडेतीनला नट टेकला.

त्यानं नट काढला, फुंकर मारली, पुन्हा लावला. साडेतीन. दुसऱ्या बोल्टावर साडेतीन, तिसऱ्यावर साडेतीन. मग त्याच्या लक्षात आलं. अलॉयचं चाक हलकं असलं तरी बोल्ट जिथून जातो तिथं ते लोखंडी चाकापेक्षा जाड असतं. तेवढा बोल्ट चाकाच्या पोटातच संपत होता आणि नटाला धरायला निम्मेच आटे उरत होते. पुठ्ठ्यावर भोकं उठली होती, वर्तुळ उठलं होतं. जाडी पुठ्ठ्यावर उठत नाही. आधीच्या गाड्यांना ती आड आली नव्हती, म्हणून ती मोजायचं त्याला कधी सुचलंच नव्हतं.

उपाय सोपा होता. लांब बोल्ट मागवायचे, आठ दिवसांत मुंबईहून आले असते. फक्त तेवढं तोंडानं म्हणायचं होतं.

"काय रे पगारे, बसली ना?" शेठजींनी खुर्चीतूनच विचारलं. त्यांच्या बाजूला ओळखीचे दोघे-तिघे उभे होते. 'डोळे झाकून आणा' ऐकलेला एक ट्रकवालाही त्यात होता.

"बसली एकदम," सहादू म्हणाला.

मग त्यानं उरलेली तीन चाकं चढवली आणि आयुष्यात पहिल्यांदा न मोजता पाना लावला. जोर लावून आवळले की धरतील, असं तो स्वतःला सांगत होता. नंतर त्यानं मल्हारीला बाजूला घेतलं. "नवीन चाकं आहेत. पन्नासेक किलोमीटर झाले की एकदा चारही परत आवळून घे." हे सांगणं चूक नव्हतं, अलॉयच्या चाकांना ते करावंच लागतं. पण आपण ते का सांगतोय हे सहादूला चांगलं ठाऊक होतं. आपल्या डोक्यावरची जोखीम तो अलगद मल्हारीच्या डोक्यावर ठेवत होता. मल्हारीनं मान डोलावली आणि झेंडूचं एक फूल काढून सहादूच्या जॅकवर ठेवलं.

त्या संध्याकाळी विहारात सहादूनं पांढऱ्या कपड्यांत सगळ्यांबरोबर पंचशील म्हटलं. खोटं बोलणार नाही हे चौथं शीलही त्यानं खणखणीत आवाजात म्हटलं. पुढे कितीतरी वर्षं त्याला सगळ्यात जास्त लाज वाटली ती याच आवाजाची.

पंधरवड्यानं, दिवाळीच्या तोंडावर, शेठजी रब्बीचं बियाणं बघायला हरसूलला निघाले. बाजाराचा दिवस होता. गाव दिसायला लागलं, उतार लागला, आणि गाडीचं डावीकडचं पुढचं चाक निघालं. गाडी रस्त्यावर घासत बाजूच्या चरात जाऊन थांबली. मल्हारीनं ती अशी काही सावरली की आतल्या कुणाला खरचटलंही नाही. पण निघालेलं चाक थांबलं नाही. ते उतारानं एकटंच पुढे गेलं आणि बाजाराला निघालेल्या कुसाबाई नावाच्या एका वयस्क बाईवर जाऊन आदळलं. तिच्या डोक्यावर वालाच्या शेंगांची पाटी होती, तिनं ते येताना पाहिलंच नाही. तिची मांडी मोडली. नाशिकच्या दवाखान्यात ती दोन महिने होती, आणि घरी गेली ती काठी घेऊन.

दुसऱ्या दिवशी शेठजींनी सहादूला बोलावून घेतलं. अंगणात टेम्पोवर आणलेली गाडी होती, चार माणसं होती, आणि मल्हारी. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानं मूठ उघडली. तळहातावर दोन नट होते, रस्त्यावर वेचून आणलेले.

"सहादूभाऊ, असं कसं झालं? तूच बघ."

सहादूनं बघितलं. नट सैल होऊन गळाले असते तर आतले आटे शाबूत दिसले असते. हे आटे उपटून निघाले होते, आणि तेही नटाच्या निम्म्या भागातलेच. उरलेला निम्मा नवा कोरा होता. बोल्ट तिथपर्यंत कधी पोचलाच नव्हता. वाचता येणाऱ्याला त्या दोन नटांवर सगळं लिहिलेलं होतं, आणि त्या अंगणात ते वाचता येणारा माणूस एकच होता.

त्यानं नट मल्हारीच्या हातातून घेतले आणि मूठ मिटली.

"परत आवळले होतेस का? मी सांगितलं होतं तुला."

"आवळले होते," मल्हारी म्हणाला.

"चारही चाकांचे?"

इथं मल्हारी थांबला. तो खोटं बोलणाऱ्यातला नव्हता, तीच त्याची पंचाईत झाली. "तिसऱ्या दिशी आवळायला बसलो होतो. तीन चाकं झाली. चौथ्याला बसलो आन् शेठनी हाक मारली..." तो आठवायला लागला. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. "आवळलं होतं. बहुतेक."

त्या 'बहुतेक'वर मल्हारीचा निकाल लागला. शेठजींनी त्याला तिथल्या तिथं कामावरून काढलं. पुढे केस झाली, त्यानं कोर्टात स्वतःहून चूक कबूल केली, दंड झाला, लायसन गेलं. सहादूला कुणी काही विचारलं नाही. शेठजींनीच विचारलं तेवढं, की बाकीची तीन चाकं ठेवू का काढू? "काढा शेठ, जुनीच लावा," सहादू म्हणाला. पुन्हा कुणाचा पाय मोडायला नको म्हणून तो हे बोलला होता. पण कारण काय द्यायचं? "ही चाकं नाजूक असतात, ड्रायव्हर लोक लक्ष देत नाहीत." असं दुसऱ्यांदा त्यानं मल्हारीला त्याच खड्ड्यात ढकललं. ते दोन नट त्याच आठवड्यात भंगारात गेले.

यानंतरची चार वर्षं सहादूचा धंदा चांगला चालला. माणसाला शिक्षा होते ती दिवाळं निघूनच होते असं नाही. त्यानं मॅगव्हीलचं काम बंद केलं. कुणी पुठ्ठा घेऊन आलं की "ते आता मी करत नाही" एवढंच म्हणे. नट मात्र तो मोठ्यानं मोजायला लागला, शेडबाहेर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. गिऱ्हाइकालाही मोजायला लावी. एका प्राध्यापकांना त्यानं भर उन्हात सोळाच्या सोळा नट मोजायला लावले, ते परत आले नाहीत. नाचणीची भाकरी त्यानं सोडली. हरसूल, पेठ अशी पाटी असलेली एसटी शेडपुढून गेली तर तो खाली वाकून काहीतरी शोधायला लागे.

आणि विहारात तो चौथ्या शीलाला गप्प होई. पहिली तीन म्हणायची, चौथ्याला नुसते ओठ हलवायचे, पाचव्याला पुन्हा आवाज लावायचा. दारू तो पीत नव्हता, त्यामुळे पाचव्याची अडचण नव्हती. एवढ्या माणसांत कुणाला कळत नाही अशी त्याची समजूत होती. पण शेजारी सुमनबाई बसलेली असे आणि तिचे कान तिखट होते.

एकोणनव्वद सालच्या उन्हाळ्यात एक ट्रॅक्टरवाला टायर घेऊन आला. तो हरसूलचा निघाला. बोलता बोलता मल्हारी भोयेचा विषय त्यानंच काढला. "चांगला ड्रायव्हर होता हो. आता चाकाला हात नाय लावत. ट्रॅक्टर चालव म्हटलं, तर नाय म्हनतो. एका दुकानात पोती उचलतो आन् त्या लंगड्या म्हातारीचं पानी भरतो. रोज सकाळ-संध्याकाळ, चार वरसं झाली. पाप फेडतोय म्हनतात."

सहादूनं त्या दिवशी पहिल्यांदा नट मोजताना चूक केली. दुपारी सुमनबाई डबा घेऊन आली तेव्हा तो शेडच्या आत, टायरांच्या चळतीवर बसला होता. तिनं डबा उघडला नाही.

"अहो, एक विचारू? तुम्ही चौथ्याला गप्प का होता?"

त्यानं जवळचा पाना उचलून पुसायला घेतला.

"चार वर्षं झाली, मी ऐकते आहे. वाटलं, आपणहून सांगाल."

मग त्यानं सांगितलं. साडेतीन फेरे, ट्रकवाले, पांढरे कपडे, मिटलेली मूठ, सगळं. सांगताना तो रडला, आणि रडल्यावर त्याला जरा हलकं वाटायला लागलं. सुमनबाईनं ते ओळखलं असावं.

"मला सांगून काय उपयोग?" ती म्हणाली. "मी काय मल्हारी आहे?" डबा तिथंच ठेवून ती निघून गेली. त्या दिवशी तो जेवला नाही, आणि तिनंही रिकामा डबा मागितला नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी सहादू हरसूलच्या एसटीत बसला. त्र्यंबक मागे पडलं, घाट लागला, आणि मग तो उतार आला. बसमधल्या बायका मिरचीच्या भावावर भांडत होत्या. सहादूनं डोळे मिटून घेतले आणि उतार संपल्याचं वळणावरून कळल्यावरच उघडले.

मल्हारी एका किराणा दुकानाच्या मागच्या बाजूला पोती शिवत बसला होता. केस पिकले होते. सहादूला बघून त्याला खरोखर आनंद झाला, आणि तेच सहादूला सहन झालं नाही.

"सहादूभाऊ! इकडं कसा काय? बस की."

सहादू बसला नाही. उभ्यानंच त्यानं सांगून टाकलं. "मल्हारी, तुझी चूक नव्हती. ती चाकं जाड होती. नट सातच्या जागी साडेतीनच फिरत होते. मला दसऱ्यालाच कळलं होतं. तू शंभरदा आवळले असतेस तरी ते चाक निघालंच असतं. त्या नटांवरही ते दिसत होतं. मी बघितलं आणि गप्प बसलो."

मल्हारीच्या हातातली सुई तशीच राहिली. तो म्हणाला, "म्हंजे चौथं चाक मी आवळलं होतं?"

"ते मला माहीत नाही. पण आवळलं काय, नाही काय, फरक पडणार नव्हता."

"चार वरसं मी तेच आठवत बसलोय, सहादूभाऊ. जेवताना आठवतो, पोती उचलताना आठवतो. पाना हातात हाय, शेठ हाक मारतात, मी उठतो. आवळून उठतो का तसाच उठतो, तेवढंच दिसत नाय. बायको म्हनते, येडा होशील." त्यानं सहादूकडे पाहिलं. "आन् तुला दसऱ्यालाच ठाव होतं."

आवाज त्यानं चढवला नव्हता. सहादूला वाटत होतं की यानं उठावं, गचांडी धरावी, चार लोकांत तोंडात मारावी. वाटेत बसमध्ये त्यानं त्याची तयारीही केली होती. "शिव्या दे मला," तो म्हणाला. "मार. मी काही बोलणार नाही."

"तुला बरं वाटावं म्हनून मारू?" मल्हारी म्हणाला.

मल्हारीनं अर्धं शिवलेलं पोतं बाजूला सारलं, दुकानदाराला सांगून आला आणि चालायला लागला. "चल. म्हातारीला सांग. पाय तिचा मोडला, माझा नाय."

गावाबाहेर टेकडीच्या पोटाला कुसाबाईचं घर होतं. ती ओट्यावर एक पाय लांब करून वाल निवडत बसली होती. मल्हारीला बघून ती म्हणाली, "आज लवकर आलास?" मग तिला मागचा पाहुणा दिसला.

सहादूनं पुन्हा सगळं सांगितलं. मघाचं तोंडपाठ झालेलं बोलणं इथं कामी आलं नाही. नट, आटे, जाडी यांतलं तिला काय कळणार? शेवटी तो एवढंच म्हणाला, "आजी, चाक मी बसवलं होतं. नीट बसत नव्हतं. मला कळलं होतं, तरी बसवलं. मल्हारीचा यात दोष नाही. माझा आहे."

कुसाबाईनं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग दिसेना, म्हणून त्याची भीती वाढली. ती मल्हारीकडे वळली.

"तुजं काय नव्हतं त्यात?"

"नाय म्हनतो हा," मल्हारी म्हणाला. तो आता ओट्याच्या कडेला बसला होता आणि त्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले होते.

म्हातारीनं वालाचं सूप खाली ठेवलं. तिला खरोखरच काळजी पडलेली दिसत होती.

"मंग उद्यापून माजं पानी कोन आननार?"

मल्हारीनं 'मी' म्हटलं नाही. चार वर्षं तो ज्यासाठी ही टेकडी चढला होता ते आत्ताच कुणीतरी त्याच्या हातातून काढून घेतलं होतं, आणि त्याजागी काय ठेवायचं हे त्याला अजून कळलं नव्हतं. सहादूला ते दिसत होतं. आपण याला मोकळं करायला आलो होतो, असं त्याला सकाळपासून वाटत होतं. आता तसं म्हणायचा धीर त्याला होईना.

दाराशी दोन हंडे पालथे होते. सहादूनं ते उचलले आणि विहीर कुठं आहे विचारलं. मल्हारीनं हनुवटीनं खाली दाखवलं.

वाट उतरताना सोपी होती. विहिरीवर बायका होत्या. पँट घातलेला, रुंद खांद्याचा माणूस पोहरा ओढतोय हे बघून त्या तोंडाला पदर लावून हसल्या. ट्रकची चाकं उचललेल्या माणसाला दोन हंड्यांचं काय, असं सहादूला वाटलं होतं. पण चाकातलं वजन हलत नाही आणि हंड्यातलं पाणी हलतं. एक हंडा खांद्यावर, एक हातात, अशी ती चढण तो चढू लागला. दगडावर पाय सरकला की पाणी मानेवरून आत जाई. दोनदा तो थांबला. या वाटेनं रोज दोनदा, पावसात, थंडीत, चार वर्षं, असा हिशेब त्याच्या डोक्यात यायला लागला तेव्हा त्यानं तो करणं बंद केलं, कारण पाय पुढे पडेना.

वर पोचेपर्यंत त्याचा सदरा भिजून अंगाला चिकटला होता. मल्हारी होता तिथंच बसला होता. सहादूनं हंडे कुसाबाईपुढे ठेवले. ती काठीचा आधार घेऊन पुढे वाकली आणि तिनं दोन्ही हंड्यांत डोकावून पाहिलं. दोन्ही निम्मेच भरलेले होते.

"मल्हारी काठोकाठ आनतो," ती म्हणाली.

सहादूनं दोन्ही हंड्यांतलं पाणी आतल्या रांजणात ओतलं आणि रिकामे हंडे घेऊन पुन्हा विहिरीची वाट धरली.